सदाभाऊला मासे ऐकू यायचे

काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक लहानसा कोळीवाडा आहे. संस्थेने माझी म्हसळ्याहून तिथल्या हायस्कुलात बदली केली, तेव्हा मी नीराबाईंच्या घराला लागून असलेली खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने.

"चा निवला! ओ, चा निवला म्हनतेय मी!"

मला वाटलं, कडाक्याचं भांडण चाललंय. महिनाभराने कळलं की ते त्या घरातलं रोजचं बोलणं होतं. नीराबाईंचे यजमान सदाभाऊ बहिरे होते. वय चोपन्न, खांदे रुंद, हाताला जाळ्याच्या दोरीचे घट्टे. ऐकू येणं तिशीनंतर कमी कमी होत गेलं होतं. एकदा गावात आलेल्या शिबिरात कुणीतरी कानातला मळ काढून दिला आणि "वयाने होतं असं" म्हणून वाटेला लावलं. तेव्हा त्यांचं वय चाळीसही नव्हतं.

पण कोळीवाड्यात त्यांचं बहिरेपण कुणी खरं मानत नव्हतं. लोकांकडे पुरावे होते. पहिला पुरावा त्यांच्या बोलण्याचा. बहिरा माणूस ओरडून बोलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सदाभाऊ मात्र इतकं हळू बोलायचे की ऐकणाऱ्याने पुढे वाकावं. दुसरा पुरावा नीराबाई स्वतः द्यायच्या. म्हणायच्या, एरवी ओरडलेलं यांना ऐकू येतं, पण जेवायला बसले की अक्षर ऐकू जात नाही. भाजलेला बोंबील कुरकुर चावत राहतात आणि मी समोर बसून भिंतीशी बोलते. तिसरा पुरावा सगळ्यांत मोठा होता. सदाभाऊ ज्या होडीवर जायचे तिचा नाखवा गणराज, त्यांचा चुलतभाऊ. तो छातीठोकपणे सांगायचा, "इंजिन धडधडत असतं, आमाला एकमेकांचं समजत न्हाय. पन यो बराबर उत्तर देतो. होडीवं याला सगलं ऐकू येतं."

म्हणून गावाने त्यांना नाव ठेवलं होतं, 'बायकोपुरता बहिरा'. मीही त्या नावाला हसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

नीराबाईंना मात्र त्या नावाचं हसू येत नव्हतं. एका दुपारी मागच्या पडवीत मांदेली साफ करता करता त्यांनी मला आपला उजवा हात दाखवला. मनगट जरा वाकडं होतं.

"तीन वर्सं झाली, मास्तर. हिथंच पडले. जांभ्याची पायरी शेवाळलेली, पाय सरकला आनि हात अंगाखाली आला. उठता येईना. हाका मारल्या, मारल्या, घसा फाटला. हे म्होरच्या ओट्यावं जालं शिवत बसलेले. हिथून पंधरा पावलं. पाठ माझ्याकडं. वलून बगितलं न्हाय. शेवटी सोनाबाईनं तिच्या घरातनं ऐकलं नि ती धावत आली."

"त्यांना ऐकू आलं नसेल, मावशी."

"आनि दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या आवाजात गणराजशी गप्पा मारल्या, ते? गणराजच सांगत व्हता." त्यांनी मांदेलीवर पाणी ओतलं. "त्या दिवसापासून मी कामापुरतं बोलते."

पंधरा पावलांवरची हाक ऐकू न येणारा माणूस इंजिनाच्या गोंगाटात गप्पा मारतो, हे मलाही पटण्यासारखं नव्हतं.

आता या माणसाची दुसरी बाजू. गणराज नाखवा सदाभाऊंशिवाय होडी काढत नसे, कारण सदाभाऊंना मासे ऐकू यायचे. ढोमी, घोळ ही जात आवाज करते. पोटातल्या हवेच्या पिशवीवर आतले स्नायू थडथड आपटून नर मादीला साद घालतात, हे मी वाचलं होतं. जुने कोळी पाण्यात वल्हं उभं धरून त्याला कान लावायचे आणि झुंड कुठे आहे ते सांगायचे. सदाभाऊंना ते त्यांच्या वडिलांनी शिकवलं. पण वडिलांपेक्षाही, गावातल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त स्पष्ट ऐकू यायचं. आणि कान जसजसे गेले, तसतसं ते वाढत गेलं. एकविरा आईने एक नेलं नि एक दिलं, असं बायका म्हणायच्या. पुरुष म्हणायचे, सोंग आहे, अंदाज बरोबर येतो इतकंच.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी गणराजला गळ घातली आणि होडीत बसलो. उन्हं उतरायला लागली तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडं पुसट झाली होती. गणराजने इंजिन बंद केलं. सदाभाऊंनी वल्हं पाण्यात सरळ उभं सोडलं आणि त्याचा वरचा दांडा कानावर न टेकवता कानामागच्या हाडावर टेकवला. डोळे मिटले. बराच वेळ कुणी हललं नाही.

"हायत," ते पुटपुटले. "ढोमी. लई हायत. पन लांब." मग होडी थोडी पुढे नेऊन पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी हात नैर्ऋत्येकडे केला. "आता ढोल चाललाय नुसता. सोड."

जाळं पडण्याआधी त्यांनी वल्हं माझ्याकडे दिलं. मी कान लावला. आधी नुसतं पाणी आपटल्याचं ऐकू आलं. मग त्याखाली, फार दूर, कुणीतरी रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तसं टकटकटक, थांबून पुन्हा टकटकटक. पण मला जे जेमतेम ऐकू येत होतं, त्यावरून दिशा, अंतर आणि माशांची जात ओळखणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. जाळं वर आलं तेव्हा त्यात ढोमी चमकत होती, आणि बाहेर काढल्यावरही काही मासे हातात टरटरत होते.

परतताना इंजिन पुन्हा धडधडू लागलं. मी सदाभाऊंच्या शेजारी बसून हे काय, ते काय, असं विचारत होतो आणि ते उत्तरं देत होते. साळावचं टोक दिसायला लागलं तेव्हा माझ्या एकदम ध्यानात आलं, की त्यांना माझं सगळं ऐकू येतंय. मला नीराबाईंचं वाकडं मनगट आठवलं आणि राग आला.

"सदाभाऊ, मग घरी का ऐकू येत नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, ओशाळलेपण होतं.

"मना ठाव न्हाय, मास्तर. घरात आवाज कसा लांबनं येतो, गोधडीत गुंडाललेला. हिथं जवल येतो." मग म्हणाले, "ती पडली त्या दिवशीचं इचारताय ना? आईची शपथ, मना हाक आली न्हाय. पन समदी बोलतात तवा कधी कधी मनाच वाटतं, मीच खोटा असंन."



सोमवारी आठवीच्या वर्गात 'ध्वनी' शिकवायचा होता. हा धडा मी सतरा वर्षं शिकवतोय. नादकाटा, तो दोन दातांचा पोलादी काटा, टेबलावर आपटायचा, मुलांच्या कानाजवळ न्यायचा, मग त्याचा दांडा बाकावर टेकवून बाक कसा गुणगुणतो ते दाखवायचं. स्थायूतून ध्वनी चांगला जातो, असं फळ्यावर लिहायचं. त्या दिवशी मी तेवढं लिहिलं आणि खडू हातातच राहिला. वल्हं स्थायू. कवटीचं हाडही स्थायूच. सदाभाऊ वल्हं कानावर टेकवत नव्हते, हाडावर टेकवत होते. म्हणजे आतला कान शाबूत होता. बिघाड मधल्या वाटेत कुठेतरी होता. सतरा वर्षं शिकवून हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी नादकाटा घरी आणला. ओट्यावर सदाभाऊ जाळं शिवत होते, उंबऱ्यात नीराबाई बसल्या होत्या. मी काटा माझ्या गुडघ्यावर आपटून सदाभाऊंच्या कानाजवळ धरला. त्यांनी मान हलवली. काही नाही.

"बगा," नीराबाई म्हणाल्या. "तुमचा काटा पन खोटा पडला."

मी पुन्हा आपटला आणि या वेळी दांड्याचं टोक त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. ते एकदम मागे सरले. हातातली सुई पडली.

"वाजला!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "देवलातली घंटा वाजवून झाल्यावं मागं जे ऱ्हातं ना, तसा. माझ्या डोक्याच्या आत वाजला!"

त्यांच्या पाठीमागे उभं राहून मी कधी काटा आपटून टेकवला, कधी न आपटताच. ते दर वेळी बरोबर 'व्हय' किंवा 'न्हाय' म्हणाले. नीराबाई उठून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून काटा घेतला. त्यांचा माझ्यावरही विश्वास नव्हता, आणि ते ठीकच होतं. त्यांनी काटा आपटला, कानाजवळ धरला. "न्हाय." हाडावर टेकवला. "व्हय." मुका काटा टेकवला. "न्हाय." त्यांनी किती वेळा केलं, मी मोजलं नाही. आपल्या वाकड्या मनगटाने काटा आपटत त्या नवऱ्याला खोटं पाडायचा प्रयत्न करत राहिल्या आणि तो खोटा पडेना. शेवटी त्यांनी काटा माझ्या हातात ठेवला आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या सकाळी त्या घरातून चहाचीही हाक आली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं अलिबागला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर कल्पिता पस्तिशीच्या असतील. त्यांनीही आधी नादकाटाच काढला. मग यंत्रांनी तपासलं आणि एक आलेख समोर ठेवला.

"कानाच्या पडद्यामागे तीन लहान हाडं असतात," त्या म्हणाल्या. "हातोडा, ऐरण, रिकीब. पडद्याची थरथर त्यांच्यातून आत जाते. रिकीब हे शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, तांदळाच्या कणीएवढं. तुमची रिकीब तिच्या जागी घट्ट झालीय. दार गंजून बसावं तशी. हवेतून आलेला आवाज तिथेच अडतो. कवटीच्या हाडातून आलेला आवाज त्या दाराशी जातच नाही, तो थेट आत पोचतो."

नीराबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. "मग इंजिनाच्या आवाजात कसं ऐकू येतं यांना?"

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "इंजिनाच्या आवाजात चांगलं ऐकू येतं?"

"व्हय. आनि घरात न्हाय."

"मावशी, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलं असतंत तर मी न तपासता आजार ओळखला असता. गोंगाटात बाकीची माणसं काय करतात? ओरडून बोलतात. यांना गोंगाट ऐकूच येत नाही, फक्त ओरडलेलं बोलणं ऐकू येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका डॉक्टराने अशाच एका बाईबद्दल लिहून ठेवलंय. तिला ढोल वाजत असतानाच बोलणं ऐकू यायचं. म्हणून तिच्या नवऱ्याने घरात ढोल वाजवणारा नोकर ठेवला. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर त्याला सांगायचं, वाजव."

मला हसू आलं. नीराबाईंना आलं नाही.

"आनि हळू बोलतात, ते?"

"स्वतःचा आवाज हाडातून येतो ना. तो त्यांना मोठा ऐकू येतो, म्हणून ते आवाज चढवत नाहीत. जेवतानाही तसंच. चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो, त्यात समोरच्याचं बोलणं बुडून जातं."

एकामागून एक सगळे पुरावे त्या खोलीत उलटले. सदाभाऊंना यातलं किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

परतीच्या एसटीत मी मागच्या बाकावर होतो. रेवदंड्याचा पूल येईपर्यंत नीराबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. पुलावर त्या मागे वळल्या.

"त्या बाईच्या घोवानं ढोलवाला ठेवला. मी काय केलं, मास्तर? अबोला धरला."

उजव्या कानाची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर पनवेलला झाली. कान तेवढा बधिर करून, जागेपणीच. घट्ट झालेली रिकीब काढून तिच्या जागी केसाएवढी बारीक दांडी बसवली. सदाभाऊ नंतर मला सांगत होते, की टेबलावर आडवे असताना एकाएकी कुणीतरी ट्रेमध्ये हत्यार ठेवल्याचा 'खण्ण' आवाज झाला, आणि त्यांना वाटलं घरावर वीज पडली. मग कानात बोळा घातला गेला आणि पुन्हा सगळं गोधडीत गेलं.

दहा दिवसांनी अलिबागला बोळा काढला, तेव्हा मी बाहेर थांबलो होतो. आत काय झालं ते नीराबाईंनी सांगितलं. त्यांनी सवयीने मोठ्यांदा विचारलं, "ऐकू येतं का?" आणि सदाभाऊंनी दोन्ही हातांनी कान झाकला. मग त्यांनी साध्या आवाजात पुन्हा विचारलं. सदाभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी बायकोचा साधा आवाज शेवटचा ऐकला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. त्यानंतर वीस-बावीस वर्षं नुसतं ओरडणंच पोचलं होतं.

"तुझा आवाज तुझ्या आयशीसारखा झाला गो," ते म्हणाले. "कवा झाला?"

हे सांगताना नीराबाई हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. सदाभाऊंना नळाचं पाणी, पत्र्यावरचा कावळा, स्वतःच्या चपला, सगळं अंगावर यायचं. चक्कर यायची, म्हणून होडी बंद. त्यात एक नवीनच प्रकार. नीराबाईंनी हौसेने सरंग्याचं कालवण केलं तर ते दोन घास खाऊन थांबले. पितळेच्या भांड्यात शिजवलंय का, म्हणाले. नीराबाई चिडल्या, तो जुना आवाज पुन्हा निघाला आणि सदाभाऊंनी कान झाकला. मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, जिभेवरची चव मेंदूकडे नेणारी एक नस कानाच्या मधूनच जाते. शस्त्रक्रियेत ती जरा दुखावते, महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल. कानाच्या दुखण्याने कालवणाची चव जाते हे नीराबाईंना पटवायला मला वही-पेन घेऊन चित्र काढावं लागलं.

मार्गशीर्षात एकदा सोनाबाई विचारपूस करायला आल्या. "चार दिस झालं, तुझा आवाज न्हाय ऐकला," त्या नीराबाईंना म्हणाल्या. "मना वाटलं आजारी हायस." नीराबाईंना हळू बोलायला शिकावं लागत होतं, आणि हळू बोलताना त्यांना शब्द सापडत नसत. ओरडून फक्त कामाचंच बोलता येतं, असं त्या एकदा मला म्हणाल्या. बाकीचं बोलायची सवयच गेली.

पडल्याच्या दिवसाचं बोलणं सदाभाऊंनीच काढलं. मी तेव्हा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत होतो. "पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "कशी पडलीस, काय हाक मारलीस, सगलं." नीराबाईंनी सांगितलं. मी वह्या उचलून खोलीत गेलो.

फेब्रुवारीत सदाभाऊ होडीवर परतले. पहिल्याच दिवशी येऊन मला म्हणाले, "उजव्या कानाला मासं पयल्यासारखं येत न्हाय. वाऱ्याचा, पान्याचा, गणराजच्या खोकल्याचा आवाज मधी येतो." मी डॉक्टरांना विचारलं. असं होणारच, त्या म्हणाल्या. बाहेरचा आवाज अडत होता तोवर हाडातून आलेला बारीक आवाज एकटा होता. आता त्याला गर्दीतून वाट काढावी लागते. त्यांनी डाव्या कानाच्या शस्त्रक्रियेची तारीखही सुचवली.

सदाभाऊंनी दोन दिवस विचार केला. ठरवताना त्यांनी नीराबाईंना विचारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी एक बास." आणि डावा कान तसाच राहिला. आता समुद्रावर ते वल्हं डाव्या बाजूला टेकवतात आणि घरात नीराबाई उजव्या बाजूला बसतात. गणराजने यंदा मासे दाखवणारं यंत्र बसवलंय. ते झुंड दाखवतं, पण जात सांगत नाही, म्हणून वल्हंही होडीत आहे.

या वर्षी धडा आला तेव्हा मी सदाभाऊंना वर्गात बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, आणि मुलांना समजेल इतक्या मोठ्याने बोलले. रचना, त्यांची मुलगी, उरणहून माहेरी आलेली होती. ती दारात उभी राहून बापाचा आवाज ऐकत होती.

शेवटी नेत्रा नावाच्या मुलीने हात वर केला. "काका, माशांना कान कुठे असतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सदाभाऊंनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात घोळीच्या डोक्यातले दोन पांढरे खडे होते, चिंचोक्याएवढे, शिंपल्यासारखे गुळगुळीत.

"भायेर नसतात. आत असतात. आवाज आला की मासा हलतो, पन यो खडा जड, तो जरा मागं ऱ्हातो. त्यावरनं त्याला समजतं. हे मना मास्तरांनी सांगितलं. आनि मास्तरांना आजवर ठाव नव्हतं, ते मी सांगतो. खडा हातात घेऊन उजेडात धरा, त्यात रेघा दिसतील, झाडाच्या खोडात असतात तशा."

खडे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जायला लागले. मुलं ते खिडकीकडे धरून डोळे बारीक करत होती. वर्षाला एक रेघ का, असं कुणीतरी विचारलं, आणि सदाभाऊ, उजवा कान पुढे करून, प्रश्न पुन्हा ऐकायला त्या बाकाजवळ गेले.